दुसऱ्या काहिलीची मळी

पौषातली सकाळ वारणेच्या खोऱ्यात पायरीपायरीने उतरते. आधी जोतिबाच्या डोंगराची कड उजळते, मग उसाचे तुरे, मग नदीवरचे धुके, आणि सगळ्यांत शेवटी माणसांचे चेहरे. तुऱ्यांचे ते रुपेरी, रेशीमकोमल, वाऱ्यासवे झुलणारे रान क्षितिजापर्यंत पसरलेले असते आणि त्या रानाच्या मध्यावर धुराची एक रेघ सरळ उभी राहते. ती केरबा चौगुल्यांच्या गुऱ्हाळाची.

धूर निळा, वाफ पांढरी, जाळ केशरी. चुलाणात चिपाड पडे आणि ज्वाळा उसळून काहिलीच्या बुडाला भिडे. काहिलीतला रस आधी कुजबुजे, मग बोले, मग खदखदा हसे. त्याच्या कढत, घनदाट, मधुर गंधाने सारे शिवार भरून जाई, आणि वाटेने जाणाऱ्याचे पाय उगाचच तिकडे वळत. वळलेल्या माणसाला वाटीभर काकवी चाखवल्याशिवाय केरबा सोडत नसत.

केरबा गुळव्या होते. म्हणजे, उकळता रस नेमका कधी उतरवायचा हे ज्याच्या शब्दावर ठरते, तो माणूस. क्षणभर आधी उतरवला तर ढेप बसत नाही, क्षणभर उशीर झाला तर गूळ करपतो. त्या दोन क्षणांच्या मधल्या चिंचोळ्या वाटेवरून केरबा चाळीस हंगाम चालत आले होते. तापमापक त्यांनी कधी हाती धरला नव्हता. फुगे कसे फुटतात, रंग कुठवर आला, गार पाण्यात सोडलेल्या थेंबाची गोळी कशी वळते, एवढ्यावर त्यांचे सारे शास्त्र उभे होते, आणि पंचक्रोशीत त्या शास्त्राला तोड नव्हती.

त्यांची लेक सारिका, तीही उष्णताच मोजत होती. फक्त तिची काहील जरा लांब होती.

आपल्या आकाशगंगेसारख्या शेकडो दीर्घिका जिथे परस्परांच्या ओढीने एकत्र नांदतात, तिथे त्यांच्या मधली पोकळी रिकामी नसते. तिथे वायू असतो. विरळ, इतका विरळ की घागरभर जागेत एखादाच कण सापडावा. तप्त, इतका तप्त की अंश कोटींनी मोजावेत. आणि तेजस्वीही, पण ते तेज डोळ्यांना न दिसणारे, क्ष-किरणांचे. दीर्घिकांच्या त्या महामेळ्याला कवेत घेऊन तो अदृश्य, अथांग, अग्निगर्भ वायू युगानुयुगे तळपत राहतो, आणि पृथ्वीवर कुणाला त्याचा चटकासुद्धा बसत नाही.

तिथे तापमापक पोचत नाही. पोचतो तो उजेड, आणि तोही तिथून इथे. सारिका दीर्घिकांच्या ज्या समूहाचा अभ्यास करी, त्यातला उजेड दीडशे कोटी वर्षांपूर्वी निघाला होता. तो निघाला तेव्हा या मातीत ऊस नव्हता, झाड नव्हते, गवताचे पातेसुद्धा नव्हते. चालत चालत, अंधाराची कित्येक अरण्ये ओलांडत, तो एका उपग्रहावरच्या दुर्बिणीत येऊन पडला, आणि दुर्बिणीने त्याचा कण न् कण वेचून प्रत्येकापुढे त्याची ऊर्जा लिहून ठेवली. वायू जितका तप्त, तितके जोरकस कण अधिक. वायू जितका निवलेला, तितके मवाळ कण अधिक. जोरकस किती आणि मवाळ किती, यावरून तापमान काढायचे, हे सारिकाचे काम.

समूहाचा मध्य झगझगीत असतो. तिथले मोजणे तुलनेने सोपे. सारिकाने घेतली होती ती कड. जिथे तेज विरत जाते, विरत विरत अंधाराशी एकरूप होते, आणि हाती लागतात ते कण मोजकेच असतात. अशी अवघड कड स्वतःहून निवडणारी माणसे थोडी हट्टी असतात, आणि चौगुल्यांच्या घरात हट्टाला कधीच तोटा नव्हता.

गावाला वाटे, ही ताऱ्यांची अभ्यासक, रात्र रात्र जागत असणार. ती तर रात्री दहाला गाढ झोपलेली असे. उपग्रहाने वेचायचे ते कधीच वेचून झाले होते. उरली होती ती आकडेमोड, आणि तिला डोक्यावर सूर्य असला तरी चालत होते. आई सगळ्यांना सांगे की कोट्यवधी अंश मोजणाऱ्या आमच्या या बाईला आंघोळीच्या पाण्यात विसण मात्र आजवर एकदाही नीट घालता आलेले नाही.

पुण्याच्या ज्या संस्थेत सारिका संशोधन करी, तिथे तिच्या मार्गदर्शक मुजावर मॅडमची एक रीत होती. आकडा झाकायचा. मनी वसे ते स्वप्नी दिसे, आणि संशोधकाच्या मनात एखादा लाडका आकडा जाऊन बसला की आकडेमोडीतही तोच दिसू लागतो, असे त्यांचे म्हणणे. म्हणून काम सुरू होण्याआधीच मॅडम एक गुणक मनाशी ठरवत, चिठ्ठीवर लिहीत, चिठ्ठी लिफाफ्यात घालून चिकटवत आणि चिकटवल्या जागी आडवी सही ठोकत. मग तो गुणक सारिकाच्या संगणकात कुठेतरी दडून बसे. पडद्यावर तिला दिसे तो आकडा खरा नसे; खऱ्याला त्या गुप्त गुणकाने गुणलेला असे. सत्य जणू घुंगट घेऊनच तिच्यासमोर वावरत होते.

सगळे तपासून झाले, हात झटकले, की मग लिफाफा फोडायचा, भागाकार करायचा, आणि जो आकडा येईल तो मान तुकवून स्वीकारायचा. लिफाफा फुटल्यानंतर कामाला बोट लावायचे नाही, हा नियम. चूक राहिली असेल तर चुकीसकट तो आकडा जन्माचा आपला.

लिफाफा येत्या बुधवारी फुटायचा होता. घाई होती, कारण परदेशातला एक गट त्याच समूहाची तीच कड मोजत होता, आणि त्यांचा शोधनिबंध फेब्रुवारीत येणार अशी कुणकुण लागली होती. जो पहिला त्याचे नाव राहते. दुसऱ्याची तळटीप होते. सारिकाला पहिले व्हायचे होते. त्यात लाजण्यासारखे काही नाही. चार वर्षे एका अंधुक कडेवर डोळे लावून बसलेल्या माणसाला तेवढे वाटणारच. सगळे तपासून झाले होते, मन निवांत होते, म्हणून ती दोन दिवस घरी आली होती. ढेपांना टेकून ऊन खायला.

रविवारची दुपार कलत होती. उन्हाला हळदीचा रंग चढला होता. आबांनी, म्हणजे केरबांनी, तिला विचारले की बुधवारी ते पाकीट फोडणार, तर त्यातून निघणार तरी काय. सारिका चुलाणाच्या उबेला पोत्यावर बसली होती. तिने सगळे सांगितले: वायू, कण, जोरकस, मवाळ. आबा ऐकत होते आणि हात चालूच होता. रानभेंडीचे पाणी रसात नुकतेच पडले होते. रसातला सारा मळ काळपट-हिरव्या फेसाची जाड साय होऊन वर येत होता, आणि लांब दांड्याच्या झाऱ्याने ती साय ते अलगद उचलून बाजूच्या डब्यात सोडत होते. प्रत्येक उचलीबरोबर खालचा रस थोडा अधिक सोनेरी दिसे.

"वरची मळी काढल्याबिगर रंग बघू नये," ते सवयीने म्हणाले. गुऱ्हाळावर येणाऱ्या प्रत्येक नव्या गड्याला ते हे सांगत आले होते.

सारिका हसली. मळी तिच्याही कामात होती, आणि ती काढलेलीही होती. आपली आकाशगंगा स्वतःच एक कोमट वायू पांघरून बसलेली आहे. दूरच्या समूहाकडे पाहायचे तर त्या पांघरुणातूनच पाहावे लागते, आणि मग पांघरुणाचे मवाळ कण दूरच्या कणांत मिसळतात. म्हणून आकाशातल्या शंभर रिकाम्या जागा निवडून त्यांचा एक सरासरी नमुना जाणत्यांनी आधीच करून ठेवला होता. पुष्कळ जण तोच वजा करत. तिनेही तोच वजा केला होता. हे सारे तिने आबांच्या भाषेत सांगितले, की शंभर काहिलींवरची मळी बघितली, त्याची सरासरी काढली, आणि तेवढी माझ्या काहिलीतून उचलली.

केरबांचा झारा थांबला.

"दुसऱ्याच्या काहिलीची मळी आपल्या काहिलीतनं कशी काढतीस गं?" त्यांनी विचारले. आवाजात टोमणा नव्हता. त्यांना खरोखरच उलगडत नव्हते. "खारवट रानाच्या उसाला बक्कळ येती. माळाच्या उसाला कमी. ज्याची त्याची येगळी असती की."

एवढे बोलून ते पुन्हा मळी काढू लागले. त्यांच्या दृष्टीने विषय संपला होता.

सारिकाच्या मात्र ते कानातून थेट पोटात उतरले. तिने मांडीवरचा संगणक उघडला, साऱ्या आकाशाचा नकाशा काढला, आणि आपला समूह ज्या दिशेला आहे तिथे बोट ठेवले. त्या दिशेला आपल्या आकाशगंगेचे पांघरूण दाट होते. इतर ठिकाणी मलमल, तर तिथे घोंगडी. हा नकाशा तिच्या पुण्याच्या खोलीत भिंतीवर टांगलेला होता. चार वर्षे त्याच्याखाली बसून तिने चहा घेतला होता.

म्हणजे सरासरी नमुन्याने मळी उचलली गेली ती थोडीच. उरलेली तशीच वर तरंगत राहिली होती. आणि ज्याला ती त्या दूरस्थ, दुर्लभ, दीडशे कोटी वर्षांच्या वाटेवरच्या वायूचा गारवा समजत होती, त्यातला कितीतरी भाग निव्वळ आपल्या अंगणातला होता. तिकडचा वायू निवलेला नव्हता. निवलेले ते इकडचे, आपलेच, डोळ्यांसमोरचे.

कुणाला कळले नसते. ही गोष्ट तिला फार स्पष्ट दिसली, आणि दिसली याचेच भय वाटले. तो नमुना प्रमाण मानलेला होता. कुणी बोट दाखवले नसते. बुधवारी लिफाफा फुटला असता, टाळ्या पडल्या असत्या, तिचा निबंध पहिला लागला असता. ती ढेपांच्या रांगेपाशी जाऊन बसली. समोर तुऱ्यांचे रान संथपणे झुलत होते, उजळत होते, मावळत होते. तिला रडू आले, आणि रडू आल्याचा रागही आला.

मग तिने डोळे पुसले आणि मुजावर मॅडमना फोन लावला.

मॅडमनी सगळे ऐकून घेतले. मळीचेही ऐकले. मग एवढेच विचारले की पुन्हा करायला किती दिवस लागतील. तीन आठवडे, सारिका म्हणाली. ते लोक काही आपल्यासाठी थांबणार नाहीत हे लक्षात आहे ना, मॅडमनी विचारले. सारिका म्हणाली, आहे.

"मग लिफाफा माझ्या कपाटात आहे," मॅडम म्हणाल्या. "तो कुठे पळून जात नाही. तू तुझ्या काहिलीची मळी काढ."

ते तीन आठवडे सारिकाने गुऱ्हाळावरच काढले. सकाळी दवाने भिजलेले चिपाड उन्हात पसरले जाई, तेव्हा ती पोते झटकून बसे. संध्याकाळी शेवटची ढेप फडक्यातून सुटे, तेव्हा उठे. तिच्या स्वतःच्याच चित्राला चार कोपरे होते, जिथवर समूहाचे तेज पोचत नव्हते. निरुपयोगी म्हणून चार वर्षांपूर्वीच तिने ते कापून टाकले होते. त्या कोपऱ्यांत होता तो केवळ आपल्या आकाशगंगेचा उजेड, नेमका त्या दिशेचा, नेमका तेवढाच दाट. टाकलेले कोपरे तिने पुन्हा उचलून आणले, मांडीवर घेतले, आणि त्यातला कण न् कण मोजला.

कण मवाळ, कण कोमट, कण घरचे. कण जोरकस, कण तप्त, कण परके. एकेक करून ती त्यांना वेगळे करत गेली. घरच्यांना घरी ठेवत, परक्यांना परके म्हणून ओळखत. हळूहळू पांघरूण बाजूला सरत गेले आणि मागची ती दूरची, विराट, निःशब्द धग मोकळी होऊ लागली. पडद्यावरचा घुंगटातला आकडा वर चढत गेला. तो खरा किती, हे तिला ठाऊक नव्हते. नवल म्हणजे, त्या दिवसांत ती आनंदात होती; इतकी, की एकदा आईने पाणी विसणून दिल्यावर आंघोळ करता करता ती चक्क गाऊ लागली.

संक्रांतीच्या दिवशी मॅडमचा फोन आला. फेब्रुवारीत येणार म्हणत होते तो शोधनिबंध आजच आला होता. त्या परदेशी गटाने कडेचे तापमान दिले होते चार कोटी दहा लाख अंश, इकडे-तिकडे वीसेक लाख.

सारिका दुसरी झाली. कड तिची होती, चार वर्षे तिची होती, आणि आता ती जगाला दुसऱ्याच्या नावाने ठाऊक होणार होती. दुःख झाले, आणि ते तिने लपवले नाही. त्या दिवशी संगणक बंद राहिला. आईने तव्यावरची गरम गुळाची पोळी तुपाची धार सोडून पुढे केली, आणि सारिकाने मुकाट्याने चार पोळ्या खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा पोत्यावर येऊन बसली. आता त्यांचा आकडा तिला ठाऊक होता आणि स्वतःचा नव्हता. मन म्हणे, तिकडे झुकावे. पण झुकायचे कुठे आणि किती, हेच कळायला मार्ग नव्हता. गुणक कपाटात होता. ज्या रितीला ती मनातल्या मनात मॅडमचे खूळ म्हणत आली होती, तिची किंमत तिला त्या सकाळी कळली. तिने राहिलेले काम संपवले, दोनदा तपासले, आणि झाले म्हणून कळवले.

मुजावर मॅडमचे माहेर मिरजेचे. माहेरी आल्या त्या एसटीने तशाच पुढे आल्या, पर्समध्ये लिफाफा घेऊन. माघ नुकता लागला होता. आंब्याला मोहर धरला होता आणि त्याचा उग्र-गोड वास काकवीच्या वासात मिसळत होता. आबांनी त्यांना खुर्ची दिली, आईने वाटीत काकवी दिली. खोऱ्यावर ऊन असे पसरले होते की नदी, पान, पाखरू, सगळेच आतून उजळल्यासारखे वाटावे. मॅडमनी आधी काकवी संपवली. मग बोटे पुसून सहीवर नख फिरवले आणि लिफाफा फाडला.

पडद्यावर काय आहे ते सांग, त्या म्हणाल्या.

पाच कोटी चार लाख, सारिका म्हणाली.

चिठ्ठीवर लिहिले होते: एक पूर्णांक दोन दशांश.

सोपा भागाकार, पाचवीतल्या मुलालाही यावा असा. सारिकाला तो लगेच जमला नाही. तिने तो राखेत काडीने मांडला, पुसला, पुन्हा मांडला. चार कोटी वीस लाख; त्या गटाच्या इकडच्या-तिकडच्या वीस लाखांत बसणारे. तिने मान वर केली तेव्हा मॅडम तिच्याकडेच पाहत होत्या. तिने आणखी एक भागाकार केला, जुन्या आकड्याचा, मळी न काढलेल्या. तो आला तीन कोटी. त्या बुधवारी लिफाफा फुटला असता तर जगात पहिला लागला असता तो हा. पहिला, आणि खोटा.

"दुसरी आलीस," मॅडम म्हणाल्या.

"हो."

"पण न बघता जुळलीस. त्यांनी तुझे पाहिले नव्हते, तुला तुझे दिसत नव्हते, आणि तरी जुळलीस. आता कुठे तो आकडा खरा मानता येईल, सारिका. एकट्याने सांगितलेले नुसते सांगणे असते."

मॅडम कौतुकाच्या बाबतीत हात आखडता घेणाऱ्या. एवढे बोलून त्या ढेपा पाहायला उठून गेल्या.

पृथ्वीच्या दोन टोकांना बसलेल्या, एकमेकांना कधीही न भेटलेल्या माणसांनी एकाच दूरच्या धगीला हात लावला होता, आणि ती दोघांनाही सारखीच लागली होती. सारिकाच्या मनात दुसरे येण्याचे शल्य होते. पण ते आता बोटात गेलेल्या कुसळाएवढे. बाकी सारे मन भरलेले होते, काठोकाठ, शांत, तृप्त. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि तिला ते पुसायचेही सुचत नव्हते.

केरबांनी हे लांबून पाहिले. आकड्यांचे त्यांना फारसे कळले नव्हते. लेकीचा चेहरा लाल झालेला, डोळे वाहताहेत, हातात काडी घेऊन ती राखेकडे बघते आहे, एवढेच त्यांना दिसत होते. त्यांनी झारा गड्याच्या हाती दिला, खांद्यावरच्या टॉवेलला हात पुसले, आणि येऊन तिच्यापुढे उकिडवे बसले.

"लई धग हाय व्हय गं तिकडं?"

"लई हाय, आबा."

त्यांनी मान डोलावली. मग हात पुढे केला आणि तळहात तिच्या कपाळावर ठेवला. क्षणभर डोळे मिटले, काहिलीपाशी मिटतात तसे नव्हे, लेकरू आजारी असताना बाप मिटतो तसे.

"ताप न्हाई," ते म्हणाले.

आणि हात तसाच राहू दिला. चार कोटी वीस लाख अंशांची ती धग दीडशे कोटी वर्षे चालत आली होती. पोकळीतून, पांघरुणातून, दुर्बिणीतून, पडद्यातून, झाकलेल्या आकड्यातून. इथे माघातले कोवळे ऊन होते, मोहराचा वास होता, एक राठ, भाजलेला, गुळाने चिकट झालेला हात होता, एक कपाळ होते, आणि मध्ये काहीही नव्हते.